घर राहण्याजोगे उरले नाही, तर भाडे कशाचे?

प्रश्न : आम्ही कल्याणमध्ये लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत करारावर राहत होतो. मुदत 22 महिने, भाडे महिना 18,000 रुपये, डिपॉझिट 60,000. जूनच्या पहिल्या पावसातच बेडरूमचे छत गळू लागले. घरमालकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, तर ‘बघतो’ एवढेच उत्तर आले. जुलैत छताच्या गिलाव्याचा मोठा तुकडा पलंगावर पडला, विजेच्या बोर्डात पाणी शिरले. इलेक्ट्रिशियनने मेन स्विच बंदच ठेवायला सांगितला. 12 जुलैला लहान मुलाला घेऊन आम्ही बाहेर पडलो. आठ दिवस लॉजवर काढले, त्याचे 12,000 रुपये झाले. मग दुसरे घर घेतले. जुलैचे भाडे आधीच भरले होते. आता मालक म्हणतात, लॉक-इनचे चार महिने बाकी आहेत, डिपॉझिट विसरा. चावी अजून आमच्याकडेच आहे. डिपॉझिट, भाडे, लॉजचा खर्च आणि भिजलेल्या गादी-कपाटाची भरपाई मागता येईल का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : मागता येईल, आणि मागायलाच हवी. मात्र या चार रकमांना कायद्याचा आधार सारखा नाही. भाडे म्हणजे घर वापरायला मिळण्याचा मोबदला. वापर जेवढा बुडाला तेवढ्या भागाचे भाडे मागण्याचा हक्क मालकाला उरत नाही, हे तुमच्या दाव्याचे मूळ तत्त्व आहे. पण हेच तत्त्व तुमच्या मागणीलाही मर्यादा घालते, कारण जेवढा वापर झाला तेवढ्याचे भाडे तुम्हीही देणे लागता. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कोलकात्याच्या एका फ्लॅटचा वाद आला होता. भाडेकरूला तीनपैकी एका बेडरूमचा ताबा मिळालाच नव्हता, म्हणून तो सगळेच भाडे नाकारत होता. उरलेले घर वापरत असताना पूर्ण भाडे थांबवता येत नाही, प्रमाणात कमी करता येते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तेव्हा जूनचे अख्खे भाडे परत मागू नका. 13 ते 31 जुलै या 19 दिवसांचे सुमारे 11,032 रुपये मात्र ठामपणे मागा.

कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नेमके कोण, हे आधी पाहावे लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे करारात वेगळे ठरलेले नसेल, तर घर राहण्यालायक ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याचा एक चतुर्थांश ही त्याची कमाल मर्यादा आहे. हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या व्याख्येत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, म्हणून कलम 14 वर तुमचा दावा उभा करणे धोक्याचे ठरेल. तुमचा खरा आधार म्हणजे तुमचा करार आणि भारतीय करार कायदा, 1872. शिवाय परवान्यांना लागू होणारा सुविधाधिकार कायदा, 1882 आहे. त्याच्या कलम 57 नुसार जिवाला वा मालमत्तेला धोका होईल असा दोष मालकाला ठाऊक असेल आणि राहायला येणाऱ्याला नसेल, तर तो आधीच सांगणे मालकावर बंधनकारक आहे. मागच्या पावसाळ्यातही हे छत गळत होते का, याची शेजाऱ्यांकडे चौकशी करा. उत्तर ‘हो’ आले, तर तुमची बाजू बरीच भक्कम होईल.

आता मालकाच्या आक्षेपांकडे वळू. त्यांचा मुख्य भर लॉक-इनवर आहे. लॉक-इनचे कलम सहज मन बदलून घर सोडणाऱ्याला रोखण्यासाठी असते. राहण्यालायक घर देण्याचा आपला शब्द ज्याने मोडला, त्याला त्या कलमाआड लपून पैसे ठेवून घेता येऊ नयेत. क्षणभर तुम्हीच करार मोडला असे धरले, तरी करार कायद्याचे कलम 74 मालकाला ठरलेली रक्कम आपोआप देत नाही. ते फक्त वाजवी भरपाई देते. 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुकसान झालेच नसेल तर या कलमाखाली रक्कम जप्त करता येत नाही. छत पडलेले घर चार महिने दुसऱ्या कोणाला भाड्याने देता आलेच नसते. मग तुमच्या जाण्याने मालकाचे नुकसान झाले कसे, हे त्यांनी सिद्ध करावे. दुसरा आक्षेप येईल तो ‘गळती गच्चीची आहे, जबाबदार सोसायटी’ असा. गच्चीची व बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे हे आदर्श उपविधींनुसार सोसायटीचे काम आहे, हे खरे. पण सोसायटीचे सभासद मालक आहेत, तुम्ही नाही. त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार करून पाठपुरावा केला असेल, तर त्यांची बाजू थोडी सावरेल. तेवढ्याने न वापरलेल्या दिवसांचे भाडे मात्र त्यांचे होत नाही. ‘किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी’ हे कराराचे कलमही ते पुढे करतील. नळाचा वॉशर किंवा दिवा बदलणे किरकोळ आहे. स्लॅब त्यात मोडत नाही.

लॉजच्या खर्चाबाबत काटेकोर राहा. त्याच आठ दिवसांचे भाडेही परत मागायचे आणि लॉजचे पूर्ण 12,000 ही मागायचे, तर ती दुहेरी भरपाई होते. निवाऱ्यावर तुमचा काही खर्च एरवीही झालाच असता. आठ दिवसांचे भाडे सुमारे 4,645 रुपये होते. ते वजा करून उरणारे 7,355 रुपये हे तुमचे खरे जादा नुकसान. कलम 73 खाली करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे नुकसान मिळते, आणि ते कमी ठेवण्यासाठी तुम्ही काय करू शकत होता, हेही पाहिले जाते. गादी-कपाटाचा दावा इथेच नाजूक होतो. जूनपासून गळती दिसत असताना सामान छताखालून का हलवले नाही, असा प्रश्न येणारच. त्यामुळे नव्या वस्तूंच्या किमती न लावता वापरलेल्या वस्तूंची वाजवी किंमत मागा आणि हा भाग तडजोडीसाठी हाताशी ठेवा.

सगळ्यात आधी चावी परत करा. डिपॉझिट हाती येईपर्यंत चावी अडवून ठेवणे हा अनेकांना हक्क वाटतो, पण तो तुमच्यावरच उलटतो. 2020 च्या टाळेबंदीत दिल्लीतल्या एका दुकानाच्या भाडेकरूने भाडेमाफी मागितली होती. त्याला जागा सोडायची नव्हती, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने भाडे स्थगित करायला नकार दिला. ताबा तुमच्याकडे असेपर्यंत भाड्याचा प्रश्न जिवंत राहतो. शिवाय 1999 च्या कायद्याच्या कलम 24 नुसार कराराची मुदत संपल्यावर ताबा ठेवणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते. चावी देताना तारखेसह सही घ्या. मालक सही देत नसतील, तर चावी देण्याची तयारी स्पीड पोस्टाने लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

पुरावा आजच गोळा करा, कारण एकदा छताला गिलावा आणि रंग लागला की घराची तेव्हाची अवस्था कोणालाच दाखवता येणार नाही. तारखांसह फोटो, मालकांचे ‘बघतो’ हे उत्तर, इलेक्ट्रिशियनचे लेखी मत, सोसायटीचे पत्र आणि लॉजची बिले एकत्र ठेवा. त्यातले मालकांचे उत्तर सर्वांत मोलाचे आहे, कारण दोष त्यांना कधी कळला हे त्यातून ठरते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार व्हॉट्सॲपच्या पुराव्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन आणि चॅट पुसू नका. यानंतर 15 दिवसांची वकिली नोटीस द्या आणि प्रत्येक रक्कम वेगळी मांडा : डिपॉझिट 60,000, भाडे 11,032, लॉजचा जादा खर्च 7,355 आणि सामान. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते.

एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, असे वाटणे साहजिक आहे. पण दावा लावण्याआधीच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. अर्ज घरातल्या महिलेच्या नावाने असेल, तर 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी करारात तिचे नाव आहे का, ते पाहा.

पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूंनी या उत्तरातला घर सोडण्याचा भाग स्वतःला लावून घेऊ नये. त्यांना कलम 14 चा आधार आहेच. शिवाय सांगलीतल्या पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की इमारत पाडल्याने भाडेहक्क संपत नाही. त्यांनी धोकादायक घरातून जरूर बाहेर पडावे, पण हक्क सोडल्याच्या कागदावर सही करू नये.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मात्र असे कोणतेही कवच नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहण्यालायक न उरलेल्या घराची तरतूद आहे. महाराष्ट्रानेही कलम 14 चे संरक्षण परवानाधारकांना द्यायला हवे, कारण छत कोसळताना करारावरचे शीर्षक कोणाला वाचवत नाही. तोवर प्रत्येकाने करारातच एक ओळ घालून घ्यावी : ‘परवानाधारकाच्या चुकीशिवाय घर राहण्यायोग्य न राहिल्यास त्या दिवसापासून शुल्क थांबेल, लॉक-इन लागू राहणार नाही आणि ताबा दिल्यापासून 15 दिवसांत अनामत परत मिळेल.’ ही ओळ मान्य नसलेल्या मालकाचे घर घेण्याआधी दुसरे घर पाहावे.