धडकेनंतरची थरथर

पदपथाच्या कडेवर चाक आदळल्यानंतर मोटार थरथरू लागल्यास केवळ हवा भरून समाधान मानू नये. प्रथम टायरच्या दोन्ही बाजू तपासाव्यात. फुगवटा आढळल्यास आतील धागे तुटले आहेत असे समजावे. असा टायर धावत्या गाडीत फुटून प्राणावर बेतू शकते. तो तत्काळ बदलावा. टायर शाबूत असल्यास रिम वाकली आहे काय, तोलाचे शिसे गळाले आहे काय, हे पाहावे. थरथर स्टिअरिंगमध्ये असल्यास दोष बहुधा पुढे, आसनाखाली असल्यास मागे असतो. त्याच बाजूची पुढील व मागील चाके अदलाबदल करावीत. थरथर जागा बदलल्यास दोष चाकाचा. अन्यथा हब, बेअरिंग व टाय रॉड कारागिराकडून तपासून घ्यावेत. वाकलेला भाग बदलल्यावरच अलाइनमेंट करावी.