आधी डॉक्टर, मग पिंजरा

सोसायटीतलं एखादं मांजर लंगडायला लागलं किंवा खरजेनं भरलं की माझा फोन वाजतो आणि पहिला प्रश्न असतो, "पिंजरा कुठे मिळेल?" पिंजरा मिळतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था अनामत घेऊन तो देतात. मी उलट विचारते, डॉक्टरांशी बोललात का? हाती न लागणारं मांजर ते घेतील का? भूल पिंजऱ्यातच देतील का? आणि उपचारानंतर ते राहणार कुठे? एवढं ठरलेलं नसेल तर मांजर पकडूच नका, असं मी स्पष्ट सांगते. काहींना ते निर्दयपणाचं वाटतं.

असं सांगायला लागले ती आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या एका बोक्यामुळे. मारामारीत त्याच्या गालाला दात लागला होता. वरून जखम बुजली, आत पू धरला आणि गळू फुटल्यावर त्यात अळ्या पडल्या. सुकटीच्या वासावर तो विनासायास पिंजऱ्यात आला. दवाखान्यात आम्ही वेळ घेऊनच गेलो होतो, पण तिथल्या मदतनीसाला सवय पाळलेल्या मांजरांची. त्यानं पिंजरा टेबलावर ठेवला, दार उघडलं आणि बोक्याला मानेला धरून काढायला हात आत घातला. त्याच्या अंगठ्यात दात, फळीवरच्या बाटल्या जमिनीवर आणि बोका खिडकीच्या काचपट्ट्यांतून बाहेर! सगळा भाग त्याला परका, वर स्टेशनची वर्दळ. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन आम्ही तिथल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. बोका सापडला नाही. त्या जखमेनिशी तो फार दिवस काढू शकला नसणार.

तेव्हापासून बंद खोलीखेरीज पिंजऱ्याचं दार कुणालाही उघडू देत नाही, मग समोर डॉक्टर का असेना. एक बाजू आत सरकवून मांजराला अलगद दाबून धरता येईल, असा पिंजरा दवाखान्यात असेल तर जाळीतूनच इंजेक्शन देता येतं. तो आहे का, हे फोनवरच विचारा. सगळ्यांच्याच दाराशी परळचं बैलघोडा हॉस्पिटल नसतं, पण भटक्या मांजरांवर हात बसलेला एखादा डॉक्टर चौकशी करत गेलं की सापडतो.

पकडण्याचं म्हणाल, तर त्यात चपळाईपेक्षा शेजारधर्म जास्त लागतो. आधी काही दिवस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, दार बांधून उघड्या ठेवलेल्या पिंजऱ्यात खाऊ घालायचं. मग आदल्या रात्रीपासून सगळ्यांनी मिळून खाणं बंद. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून हा उपास. (पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवा.) अडचण नेमकी इथेच येते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पहाटे गुपचूप दूध-पोळी ठेवतात आणि पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाही. आजींना आधीच विश्वासात घ्या. त्यांना डावलून आमच्याकडे एकही मांजर पकडलं गेलेलं नाही.

आमिष चिमूटभरच, पण उग्र वासाचं हवं. जवळा उत्तम. लावलेला पिंजरा सोडून कुठे जायचं नाही. दार पडलं की लगेच वरून जाड चादर टाकायची. अंधारात मांजर शांत होतं. पोत्यात कोंबून रिक्षानं नेणारे अजून भेटतात. मांजर गुदमरतं, उन्हाळ्यात तर मरतंही. तोंड उघडं टाकून ते धापा टाकत असेल तर पहिल्यांदा सावली आणि वारा द्या.

भाटी असेल तर पकडण्याआधी तिचं पोट लांबून न्याहाळा. आचळं फुगलेली आणि भोवतालचे केस झिजलेले दिसले तर मीटरच्या खोलीत नाहीतर माळ्यावर पिल्लं असणार, आणि आई दवाखान्यात अडकली तर ती भुकेनं मरतील. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी शंका मिटते.

जखम दिसली म्हणून घरगुती औषधं करू नका. फिनेल, डेटॉल, टर्पेंटाइन ही मांजरांसाठी विषंच आहेत आणि पॅरासिटामॉलच्या एका गोळीनंही मांजर मरू शकतं. पिंजराही फिनेलनं धुवायचा नाही. पाण्यात ब्लीच घालून धुवा, मग साध्या पाण्यानं, आणि उन्हात वाळवा.

नसबंदी करून घेतलीत तर भूल उतरायच्या आतच कानाचं टोक कापून खूण करायला सांगा, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जाणार नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याला ऊब द्या, पाणीसुद्धा देऊ नका. आणि सोडायचं ते जिथून उचललं तिथेच. "लांब कुठेतरी सोडून या" म्हणणारे कमिटीवाले प्रत्येक सोसायटीत असतात. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, त्यामुळे धाक कुणालाच वाटत नाही. रिकाम्या जागी नवी मांजरं येतात, हे सांगितलेलं मात्र पटतं.

राहिला अंगठा. "मांजरच तर आहे," म्हणत तो मदतनीस फडकं गुंडाळून कामाला लागला होता. त्याला जवळजवळ ओढत महापालिकेच्या रुग्णालयात न्यावं लागलं. रेबीज मांजराच्या चाव्यातूनही होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, बाहेर नुसता ठिपका दिसतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी लस घ्या. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना आठवणीनं विचारा आणि लशीचे पुढचे डोस चुकवू नका.