कारभाऱ्याची शेवटची सेवा

शास्त्रपाठ : गणना २७:१२–२३

आपला अंतकाळ जवळ आला असे मोशेला कळले, तेव्हा त्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. लोकांस मेंढपाळ मिळावा इतकेच मागितले. मग देवाच्या आज्ञेप्रमाणे त्याने सर्व मंडळीदेखत यहोशवावर हात ठेविले व आपल्या अधिकाराचा वाटा जिवंतपणीच त्यास दिला.

पंडिता रमाबाईंनी इ. स. १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढिले. पुढे केडगावी मुक्तिसदन उभारिले. आपल्यामागे कन्या मनोरमाबाई हे काम चालवील अशी त्यांची आशा होती. परंतु १९२१ साली कन्याच आधी प्रभूकडे गेली. त्या दुःखातही बाईंनी कामाची दुसरी व्यवस्था लाविली, आणि १९२२ च्या एप्रिलात त्या निवर्तल्या. मुक्तिसदन मात्र अद्याप चालू आहे.

यावरून बोध हा की, सेवा प्रभूची आहे, आपण केवळ कारभारी आहो. बंधूंनो, उद्या आपण अंथरुणास खिळलो, तर मंडळीची हिशेबवही कोण लिहील? दानपेटीची किल्ली कोणापाशी राहील? जो हे करील त्यास आजच जवळ बसवून शिकवा.