डाय कटिंग मशीन : वर्गात कुठे वापरावं, कुठे कात्रीच हवी

शिक्षक मित्रांनो, पुऱ्या एकसारख्या व्हाव्यात म्हणून लाटलेल्या पोळीवर आपण वाटी उलटी दाबतो. डाय कटिंग म्हणजे तेच. धारदार कडेचा साचा म्हणजे डाय, आणि दाब देणारे दोन रूळ म्हणजे मशीन. अमेरिकेतल्या एलिसन कंपनीने १९७७ पासून अशी यंत्रं शाळांसाठी बनवली. घरच्या हौशी लोकांसाठी 'सिझिक्स' नावाने ती २००१ मध्ये आली.

रुळांमधली फट ठरलेली असते, त्यामुळे मधल्या थप्पीची जाडी बरोबर हवी. पट्टी, डाय, कागद, वर पुन्हा पट्टी. डायची धार कागदाकडे. वरची पट्टी मधूनमधून उलटी करा, नाहीतर ती वाकते.

डाय दोन प्रकारचे. पातळ धातूचा डाय नाजूक नक्षी कापतो, पण एका वेळी एकच कार्डशीट. दुसरा दीडेक सेंटिमीटर जाड. त्यात पोलादी पात्याभोवती फोम असतो. दाबलं की फोम दबतो, पातं कापतं आणि फोमच तुकडा वर ढकलतो. फेल्ट किंवा सुती कापडाचे तीन-चार थरही निघतात. शाळेसाठी घ्यायचाच तर हा घ्या. मात्र कापडाचा उभा धागा रुळांतून जायच्या दिशेने ठेवा. आडवा ठेवला की कापड ताणतं आणि चौकोन तिरका येतो. (शिंप्याला हे सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं!)

आता खरा प्रश्न. अपूर्णांक शिकवताना मुलांनी कात्रीने कापलेले चार पाव जोडले तर पूर्ण वर्तुळ क्वचितच होतं. मूल डोळ्यांवर विश्वास ठेवतं, आपल्या सांगण्यावर नाही. तिथे डायचे तुकडे हवेतच. पण पहिली-दुसरीच्या मुलाच्या हातातली कात्री काढून तयार फुलं देणं मला पटत नाही. वाकडं कापता कापताच बोटांना वळण लागतं, तेच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतं. पालकहो, प्रकल्प सुबक दिसावा म्हणून घरी सगळं कापून देऊ नका.

ज्या मुलाच्या बोटांत जोर कमी आहे, त्याला मात्र हँडल फिरवायला जरूर द्या. वर्गाची अक्षरं त्याच्या हातून निघतात. शेजारी आपण उभं राहायचं, बोटं रुळांपासून लांब. हँडल अडलं तर जोर लावू नका, बहुधा एखादी पट्टी जास्तीची लागलेली असते.