क्रोन व्याधीची बदलती गती
१९३२ साली न्यूयॉर्क येथे डॉ. क्रोन व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या या व्याधीचे अधिष्ठान बहुधा तेच राहते; स्वरूप मात्र कालांतराने पालटते. प्रारंभी केवळ शोथ, पुढे काहींत आंत्रसंकोच, काहींत नाडीव्रण वा विद्रधी. २००५ च्या माँट्रियल वर्गीकरणात हेच तीन प्रकार आहेत. आमची चूक येथेच झाली. ग्रहणी समजून ग्राही योग देत असता एका रुग्णाचा अतिसार थांबला, आम्ही संतुष्ट झालो. भोजनोत्तर शूल व आध्मान यांकडे दुर्लक्ष झाले आणि आंत्रावरोध उद्भवला. तेव्हापासून वजनातील घट, ज्वर व भगंदर यांची पृच्छा आम्ही आवर्जून करतो. आपल्याकडे आंतड्याच्या क्षयाचा निरास प्रथम करावा. लक्षणे शमली तरी शोथ आत धुमसत असू शकतो. चालू आधुनिक औषधे परस्पर बंद करवू नयेत. औषधविक्रेत्यांनीही अशा रुग्णास वेदनाशामक गोळ्या सहज देऊ नयेत.