जुलाब झाले की मेडिकल गाठू नकोस

अगं, परवा फोनवर सहज म्हणालीस, "पोट बिघडलं होतं ताई, अँटिबायोटिकच्या जुन्या पाकिटातल्या दोन गोळ्या उरल्या होत्या, त्याच घेतल्या." तेव्हा गप्प बसले, पण आता बोलतेच.

पुण्यात धायरीत राहतेस ना? मग जानेवारी 2025 आठव. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे जुलाबानंतर कधीकधी होणाऱ्या आणि हातापायांतलं बळ घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढत गेले आणि आकडा दोनशेच्या पुढे गेला. संशय मुख्यतः पाण्यावर होता. पण काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, आणि तो कच्च्या कोंबडीत नेहमीचाच. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना तो आता जगभर सर्रास दाद देत नाही. कोंबड्यांना त्याच जातीचं औषध पाजलं जातं, हे त्याचं एक मोठं कारण. अमेरिकेने 2005 मध्ये कोंबड्यांसाठी ते बंद केलं. आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली. माणसाला वाचवायचं शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्या-माशांना घालत होते, काय म्हणावं!

तू म्हणशील, मी तर मासे खाणारी. गणेश पेठेच्या मासळी बाजारातला बांगडा-बोंबील समुद्रातला, त्याला कुणी औषध घालत नाही. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचं, रोहू-कटल्याचं तसं सांगता येत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना कायद्याने बंदी आहे, पण परदेशात पाठवलेली आपली कोळंबी त्यांच्या अंशापायी परत आलेली आहे. निर्यातीच्या मालाची कसून तपासणी होते, आपल्या पिशवीतल्या मालाची तेवढी होत नाही, हा माझा राग आहे. आणि एक लक्षात ठेव: शिजवल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश पूर्ण जात नाही. म्हणून कोळंबी रोज नको, आलटूनपालटून समुद्राची मासळी आण.

जंतूंचं मात्र तुझ्या हातात आहे. कोंबडी नळाखाली धुऊ नकोस, शिंतोडे ओट्याभर उडतात. ज्या विळीवर मासा कापलास तिच्यावरच कोथिंबीर चिरतेस, मी पाहिलंय! कोथिंबीर शिजत नाही गं, ती तशीच पानात येते. विळी साबणाने घास, नाहीतर भाजी आधी चीर. आणि चिकन आतपर्यंत शिजू दे, हाडाजवळ गुलाबी राहता कामा नये.

राहिल्या गोळ्या. बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात, तोवर ओआरएसचं पाणी पीत राहा. उरलेली गोळी घेतलीस की पोटातले चिवट जंतू तेवढे मागे उरतात. शौचात रक्त, चढता ताप, किंवा नंतरच्या आठवड्यांत पायांत मुंग्या, अशक्तपणा वाटला तर थेट डॉक्टर. आणि पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की समज, ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आज घरी गेलीस की तो औषधांचा डबा उपस, आणि काय काय निघालं ते मला कळव.