थाळनेर

धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत, तापीच्या उत्तर तीरावर थाळनेर नांवाचें गांव आहे. इतिहासाच्या शालेय पुस्तकांत दिल्ली, विजापूर, पुणें यांस पानेंच्या पानें मिळतात. थाळनेरच्या वांट्यास बहुधा एक ओळही येत नाहीं. तथापि खानदेशचें स्वतंत्र राज्य प्रथम उभें राहिलें तें येथेंच.

इ. स. १३७० मध्यें दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक यानें थाळनेर व करवंद हा मुलूख मलिक राजा नामक सरदारास दिला. शिकारींत वाट चुकलेल्या भुकेल्या सुलतानास मलिक राजानें खाऊं घातलें, त्याचें हें बक्षीस, असें इतिहासकार फेरिश्ता सांगतो. राजवंशांच्या आरंभीं अशा कथा फार आढळतात. ही कथा म्हणूनच ऐकावी. देणगी मात्र खरी. १३८२ पासून मलिक राजा स्वतंत्रपणें वागूं लागला. हें घराणें आपणांस खलीफा उमर फारूक यांचे वंशज म्हणवी, म्हणून तें 'फारूकी'. १३९९ त तो वारल्यावर त्याचा पुत्र नासिरखान यानें अशीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसविलें, आणि राजधानी तिकडे गेली. तरी या वंशांतील पहिल्या राजांचीं थडगीं थाळनेरासच आहेत. त्यांपैकीं एक अष्टकोनी असून त्यावरील दगडी नक्षी सावकाश पाहण्यासारखी आहे.

राजधानी गेली तरी वाट राहिली. सतराव्या शतकांत सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारे तांडे नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें या मार्गें जात. तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें आपल्या प्रवासवृत्तांत हें गांव नोंदविलें आहे.

मराठेशाहींत किल्ला होळकरांकडे आला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं खानदेश इंग्रजांस दिला. परंतु किल्लेदार तुळशीराम मामा यानें किल्ला सोडला नाहीं. २७ फेब्रुवारी रोजीं सर टॉमस हिस्लॉप यानें तोफा लावल्या. सायंकाळच्या सुमारास किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. इंग्रज अधिकारी थोड्या शिपायांसह शेवटच्या दरवाजाच्या दिंडींतून आंत शिरले. आंतील अरब शिबंदीशीं बोलणें सुरू झालें, पण एकाची भाषा दुसऱ्यास कळेना. झटापट झाली, आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. मग बाहेरच्या फौजेनें सुमारें अडीच-तीनशें शिबंदी कापून काढली, व किल्लेदारास त्याच संध्याकाळीं फांशीं दिलें. दिंडींतील गोंधळाच्या वेळीं तो इंग्रजांच्याच स्वाधीन होता! खुद्द विलायतेंतही ही गोष्ट खटकली. १८१९ मध्यें पार्लमेंटनें हिस्लॉपच्या सैन्याचे आभार मानले, पण या फांशीविषयीं आपण संमति देत नाहीं, हें स्पष्ट करून.

इतिहासांत या गांवच्या राजांचीं व सेनापतींचीं नांवें मिळतात. तुळशीरामाचें नांवही फांशीमुळें उरलें. शेतकरी, कोळी, विणकर यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. मात्र व्यापाराच्या त्या वाटेनें गुजरात व खानदेश येथें एकमेकांत मिसळले, याची एक खूण अलीकडची आहे. लता मंगेशकर यांच्या मातोश्री थाळनेरच्या, हरिदास लाड या गुजराती शेटजींच्या कन्या. पावागडचे गरबे लतानें लहानपणीं शिकले, ते थाळनेरच्या या आजीकडून.